जुन्या ॲव्हेंजरची साधी बाईक करायचीये? नटबोल्टनं जमतं तेवढं करा, वेल्डिंग आलं की थांबा

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा म्हणजे गाड्यांचं माहेरघर. आकुर्डीत बजाज, पिंपरीत टाटा, चाकणला महिंद्रा आणि फोक्सवॅगन. या मोठ्या कारखान्यांच्या मागं भोसरीच्या एमआयडीसीत टर्निंग, लेझर कटिंग, पावडर कोटिंग करणारी छोटी वर्कशॉप दाटीवाटीनं उभी आहेत. त्यामुळं इथं कुणाच्या डोक्यात आलं की जुनी बाईक बदलायची, तर पार्ट बनवून देणारा माणूस दोन गल्ल्या सोडून सापडतो.

आणि या भागात जुनी क्रूझर म्हटलं की एकच खानदान डोळ्यासमोर येतं. एलिमिनेटर आणि तिची पुढची पिढी ॲव्हेंजर. लांबलचक, बुटकी, पाय पुढं टाकून निवांत बसायची बाईक. रविवारी लोणावळ्याला जायला एकदम भारी.

पण तीच बाईक रोज सकाळी सातच्या शिफ्टला पुणे-नाशिक हायवेवरून चाकणला न्यायची म्हटलं की खरी परीक्षा सुरू होते. पुढं कंटेनर, मागं कंपनीची बस, तळेगाव चौकात अडकलेलं ट्रॅफिक आणि मध्येच एखादा खड्डा. पाय पुढं असल्यामुळं खड्ड्याचा दणका सरळ माकडहाडात जातो. गर्दीत वळवताना लांबडी बाईक लवकर वळत नाही.

मग विचार येतो, हिचा हँडल बदलू, सीट सपाट करू, फूटरेस्ट मागं घेऊ आणि पल्सरसारखी सरळ बसायची साधी बाईक करून टाकू. इंस्टाग्रामवर असल्या बाईकच्या रील्स पाहिल्या की हे काम दोन दिवसांचं वाटतं.

ते दोन दिवसांचं आहे का? काही भाग आहे, काही भाग अजिबात नाही. आणि कुठला भाग कुठला, हे कळण्यासाठी आधी या बाईकचा इतिहास बघायला लागतो.

एकाच इंजिनाच्या दोन बाईक

बजाजनं कावासाकीसोबत २००१ मध्ये एलिमिनेटर बाजारात आणली. १७५ सीसीची, कावासाकीचं इंजिन असलेली. स्प्लेंडर आणि बॉक्सरच्या जमान्यात ही बाईक रस्त्यावर दिसली की लोक वळून बघायचे. पण किंमत जास्त होती, त्यामुळं गिऱ्हाईक मोजकंच राहिलं.

मग २००५ मध्ये बजाजनं डोकं लावलं. एलिमिनेटरचा सांगाडा आणि रूप जवळपास तसंच ठेवलं, पण आतलं इंजिन काढून तिथं पल्सर १८० चं इंजिन बसवलं. नाव दिलं ॲव्हेंजर. किंमत खाली आली आणि बाईक चालली. पुढं २००७ मध्ये २०० सीसीची आणि २०१० मध्ये २२० सीसीची ॲव्हेंजर आली. 'फील लाईक गॉड' ही तिची जाहिरात अनेकांना आजही आठवते.

आता इथं थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. २००५ ला शोरूममध्ये दोन बाईक शेजारी उभ्या होत्या. पल्सर १८० आणि ॲव्हेंजर १८०. दोघींचं काळीज एकच. तरी एक चालवताना पुढं झुकल्यासारखं वाटायचं आणि दुसरीवर आरामखुर्चीत बसल्यासारखं.

म्हणजे क्रूझरपणा इंजिनात नसतो. तो सांगाड्यात असतो.

सांगाड्यात नेमकं काय असतं?

ढोबळमानानं चार गोष्टी.

पहिली, दोन चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस. ॲव्हेंजर २२० चा व्हीलबेस १४९० मिमी आहे. जुन्या पल्सर १५० चा १३२०. जवळपास १७ सेंटीमीटरचा फरक. अंतर जास्त असलं की हायवेवर बाईक सरळ रेषेत स्थिर पळते, पण यू-टर्न मारायला जागा जास्त लागते.

दुसरी, पुढच्या फोर्कचा कल. क्रूझरचा फोर्क जास्त तिरका असतो, पुढचं चाक लांब पुढं गेलेलं असतं. वेगात हे छान वाटतं. पण रांगत चाललेल्या ट्रॅफिकमध्ये हँडल वळवलं की पुढचं चाक एका बाजूला पडल्यासारखं होतं आणि हातानं सावरावं लागतं.

तिसरी, सीटची उंची. ॲव्हेंजरमध्ये ती मॉडेलप्रमाणं ७१० ते ७३७ मिमी, पल्सर १५० मध्ये ७८५. म्हणजे दोन-तीन इंचांचा फरक.

चौथी, फूटरेस्टची जागा. साध्या बाईकमध्ये फूटरेस्ट बुडाच्या खाली असतात, त्यामुळं स्पीडब्रेकर आला की जरा उठून दणका पायांवर घेता येतो. क्रूझरमध्ये पाय पुढं असतात, उठायचं म्हटलं तरी उठता येत नाही. कंबर धरते ती मुख्यतः याच कारणानं.

या चारमधल्या पहिल्या दोन गोष्टी फ्रेममध्येच पक्क्या केलेल्या असतात. त्या बदलायच्या म्हणजे फ्रेम कापायची. तिसरी सीटच्या फोमनं थोडीफार बदलता येते. चौथी दिसायला सोपी, पण सगळ्यात जास्त घात करणारी.

कंपनीनं स्वतः काय केलं?

गंमत म्हणजे क्रूझरला साधं करण्याचा हाच प्रयोग बजाजनंही केलाय. २०१५ मध्ये कंपनीनं ॲव्हेंजरचे वेगवेगळे अवतार आणले. एक क्रूझ २२०. उंच हँडल, क्रोम आणि तारांची चाकं. दुसरा स्ट्रीट २२०. सपाट हँडल, काळा रंग, अलॉय व्हील. सोबत छोटी स्ट्रीट १५० पण आली.

स्ट्रीटवर बसल्यावर क्रूझपेक्षा वेगळं वाटतं, हात खाली आणि पुढं जातात. लांबून बघितलं तर ती थोडी रोडस्टरसारखी दिसते. पण मूळ सांगाडा तोच. ज्या कंपनीकडं डिझायनर, मशिनरी आणि टेस्ट ट्रॅक सगळं आहे, तिनंही फ्रेमला हात न लावता, वरच्या गोष्टी बदलून काम भागवलं.

यातच उत्तर आहे. जे वरून बदलता येतं, त्यानं बाईक बरीच साधी होते. पल्सर मात्र होत नाही.

नटबोल्टवर काय काय जमतं?

सुरुवात हँडलपासून. जुन्या क्रूझचं मागं वळलेलं हँडल काढून स्ट्रीटसारखं सपाट हँडल बसवलं की बसायची ढब लगेच बदलते. पण इथं दोन भानगडी आहेत.

एक, वायरींची. उंच हँडलच्या क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल लांब असतात, सपाट हँडलवर त्या लोंबकळतात आणि अडकतात. उलट कमी लांबीच्या केबल टाकल्या तर हँडल पूर्ण वळवल्यावर ताणल्या जातात. याची चाचणी सोपी आहे. बाईक स्टँडवर लावा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा आणि हँडल पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं फिरवा. इंजिनचा आवाज वाढला तर केबल ताणली जातेय. असली बाईक वळणावर आपोआप रेस होणार, म्हणजे अपघाताला आमंत्रण. पुढच्या डिस्क ब्रेकच्या पाइपालाही हाच नियम.

दुसरी भानगड रुंदीची. फॅशन म्हणून एकदम आखूड हँडल बसवतात. पण तिरक्या फोर्कचं चाक सावरायला हाताला लांब तरफ लागते. हँडल आखूड केलं की कमी वेगात बाईक जड लागते. म्हणजे ट्रॅफिकसाठी केलेला बदल ट्रॅफिकमध्येच त्रास देतो. सपाट घ्या, पण रुंद घ्या.

मग सीट. ॲव्हेंजरची सीट खोलगट आणि दोन पायऱ्यांची असते. मूळ सीटचा तळ तसाच ठेवून फोम भरून ती सपाट करता येते. इंच-दोन इंच उंची वाढली की गुडघे मोकळे होतात आणि कंबरेचा कोन सुधारतो. नुसत्या सीट आणि हँडलनं बऱ्याच जणांचं दुखणं निम्म्यावर येऊ शकतं. फक्त उंची कमी असलेल्यांनी आधी पाय जमिनीवर टेकतात का बघावं, कारण क्रूझर घेण्याचं त्यांचं कारण बहुधा तेच असतं.

त्यानंतर आरसे, गोल हेडलाइट, काळा रंग, क्रोम काढणं. हे सगळं दिसण्यासाठी. यानं बाईकच्या वागण्यात काही फरक पडत नाही, पण रूप मात्र खरंच पालटतं.

मागचे शॉकॲब्सॉर्बर बदलून मागची बाजू उचलायचाही सल्ला मिळतो. हिशोब करून बघा. १४९० मिमी व्हीलबेसच्या बाईकची मागची बाजू ४० मिमीनं उचलली तर पूर्ण बाईक साधारण दीड अंशानं पुढं झुकते, म्हणजे फोर्क तेवढा उभा होतो. वळताना फरक जाणवतो. पण साइड स्टँड आखूड पडतो, बाईक जास्त कलते, चेनचा कोनही बदलतो. लांबी थोडी आणि वजन झेलणारा शॉक योग्य असेल तरच यात पडावं.

चाकांचंही असंच. ॲव्हेंजरचं मागचं चाक १५ इंची, म्हणून लोकांना वाटतं १७ इंची टाकलं की बाईक उंच होईल. पण मूळ १३०/९० टायरची जाडी धरली तर चाकाचा बाहेरचा व्यास सुमारे ६१५ मिमी भरतो. १७ इंची रिमवर १२०/८० टायर टाकला तर ६२४. खर्च चाकाचा, फरक नऊ मिलिमीटरचा!

मग लफडं कुठून सुरू होतं?

फूटरेस्टपासून.

फूटरेस्ट मागं घ्यायचे म्हणजे फ्रेमवर नवीन ब्रॅकेट वेल्ड करायला लागतात. सोबत गिअरचा दांडा आणि मागच्या ब्रेकचा रॉड यांची लांबी बदलते. ॲव्हेंजरला मागं ड्रम ब्रेक आहे. पायानं पेडल दाबलं की ती ताकद तरफेनं वाढून ड्रमपर्यंत जाते. पेडल कुठं टेकतं, त्याची बिजागरी कुठं आहे आणि रॉड कुठं जोडलाय, यावर ताकद किती पटीनं वाढते ते ठरतं. हे गणित एक-दोन सेंटीमीटरनं चुकलं तरी ब्रेक एकतर मऊ लागतो नाहीतर चाक लॉक होतं. पावसाळ्यात, पुढं कंटेनर असताना ही चूक कळली तर उपयोग नसतो.

दुसरं, मागचा सबफ्रेम कापून तिथं गोल पाइप वाकवून लावणं. रील्समध्ये कॅफे रेसर करताना ग्राइंडरच्या ठिणग्या दिसतात ते हेच काम. इथं प्रश्न वेल्डरच्या हाताचा नाही. भोसरीत एकापेक्षा एक कारागीर आहेत, सुंदर टाका मारतात. प्रश्न असा की वेल्डिंगच्या उष्णतेनं टाक्याशेजारचं पोलाद बदलतं. तडा टाक्यात जात नाही, टाक्याच्या शेजारी जातो. आणि तो पहिल्या दिवशी दिसत नाही. डबल सीट, खड्डे आणि हजारो किलोमीटरची थरथर झाल्यावर दिसतो.

कंपनीची फ्रेम यासाठीच आधी तपासली जाते. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ खाली प्रत्येक नव्या मॉडेलचा नमुना अधिकृत संस्थेकडून मंजूर करून घ्यावा लागतो. त्यातल्या दोन संस्था तर आपल्याच भागात आहेत. १९६६ ला सुरू झालेली एआरएआय, जिचं मुख्य ठिकाण कोथरूडला आणि एक केंद्र चाकणला. आणि दुसरी नाशिक फाट्याजवळची सीआयआरटी. गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये पार्ट बनतो, त्याची अशी परीक्षा होत नाही. त्याची परीक्षा रस्त्यावर होते आणि परीक्षेला बसलेला असतो चालवणारा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळं आरसीवरची माहिती कंपनीनं ठरवलेल्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल. बदल म्हणजे काय, हेही कायद्यानं सांगितलंय. गाडीच्या रचनेत केलेला असा फेरफार, ज्यानं तिचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं.

जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२ अ आलं. परवानगी नसलेला बदल केला, त्यात बाहेरचे पार्ट बसवणंही आलं, तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रत्येक बदलामागं, हे शब्द महत्त्वाचे. पाच बदल, पाच दंड.

आता नोंदणीच्या माहितीत काय काय असतं ते बघा. चेसिस नंबर, इंजिन नंबर, रंग, सीसी, वजन, आसनसंख्या आणि हो, व्हीलबेससुद्धा. म्हणजे मागचा स्विंगआर्म आखूड केला की व्हीलबेस बदलला. दोघांची सीट काढून एकट्याची केली की आसनसंख्या बदलली. काळा रंग मारला की रंग बदलला. यातला रंगाचा बदल आरटीओला कळवून नोंदवून घेता येतो. फ्रेम कापून झालेल्या बदलाला मात्र तसा सोपा रस्ता नाही.

अजून एक गोष्ट हटकून काढून टाकली जाते, ती म्हणजे साडीगार्ड. नियम १२३ प्रमाणं मागं बसणाऱ्याला धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण लागतंच. ते शोभेचं नाही. ओढणी किंवा पदर चाकात जाऊ नये म्हणून आहे.

आणि सायलेन्सर. नवीन बाईक मंजूर होताना ८० ते १७५ सीसीला ७७ आणि त्यावर ८० डेसिबलची मर्यादा असते. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरवर पोलीस रोलर फिरवतात, ते व्हिडीओ सगळ्यांनी पाहिलेत. बाईक साधी करायची असेल तर सायलेन्सरला हात लावायची गरजच नाही.

विम्याचंही लक्षात ठेवा. बदल कंपनीला कळवले नसतील तर अपघातानंतर स्वतःच्या बाईकच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो.

खरी पंचाईत होते १५ वर्षांनी

खासगी बाईकची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी ती नव्यानं करावी लागते. २०१० ला पासिंग झालेली ॲव्हेंजर २०२५ ला या वळणावर येते. तेव्हा पर्यावरण कर भरावा लागतो आणि बाईक आरटीओत न्यावी लागते. पिंपरी-चिंचवडच्या एमएच १४ वाल्यांनाही यातून सुटका नाही.

तिथं निरीक्षक प्रत्यक्ष बाईक आणि कागद जुळवून बघतो. फ्रेम कापलेली दिसली, ब्रॅकेट उपरे दिसले, तर काम तिथंच अडकू शकतं. आणि नोंदणी नसलेली बाईक रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे हौसेनं केलेला खर्च तर गेलाच, बाईकही भंगाराच्या भावात जायची वेळ.

इथं एक छोटी पण मोलाची सूचना. फ्रेमला नव्यानं पावडर कोटिंग करणार असाल तर आधी चेसिस नंबरवर टेप लावून घ्या. जाड थराखाली नंबर बुजला आणि मग तो घासून काढायला गेलात, तर नंबरात खाडाखोड केल्याचा संशय येतो. तो निस्तरणं दंड भरण्यापेक्षा अवघड.

काही जण म्हणतात, आमची बाईक विंटेज आहे, तिला वेगळा नियम. बोलताना आपण जुन्या कशालाही विंटेज म्हणतो. पण २०२१ च्या नियमांप्रमाणं पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली गाडीच विंटेज ठरते. शिवाय चेसिस, बॉडी आणि इंजिन यात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. २००१ ची एलिमिनेटर विंटेज व्हायला २०५१ उजाडेल. आणि तोवर तिची फ्रेम कापलेली असेल, तर तेव्हाही होणार नाही.

मग करायचं काय?

आधी स्वतःला विचारा, बदल कशासाठी हवाय? कंबर दुखते म्हणून असेल तर सीट आणि हँडलपासून सुरुवात करा आणि महिनाभर चालवून बघा. रूप आवडत नाही म्हणून असेल तर रंग, हेडलाइट आणि आरसे पुरतात. पण बाईक पल्सरसारखी वळायला हवी असेल, तर प्रामाणिक उत्तर हेच की त्यासाठी दुसरी बाईक लागते. ॲव्हेंजर चांगल्या स्थितीत विकून सेकंडहँड साधी बाईक घेणं हे कापाकापीपेक्षा स्वस्तात पडू शकतं. नवीच हवी असेल तर २०२३ पासून चाकणमध्येच बनणारी ट्रायम्फ स्पीड ४०० ही सरळ बसायची, जुन्या वळणाची बाईक आहे.

आणि ज्यांच्याकडं मूळ एलिमिनेटर आहे, त्यांनी तर हात आखडताच घ्यावा. कावासाकीनं २०२४ मध्ये हे नाव भारतात पुन्हा आणलं, ४५१ सीसीच्या महागड्या बाईकवर. नाव परत आलं, पण २००१ ची ती १७५ सीसीची बाईक काही परत बनणार नाही.

जे काही बदलाल त्याचा मूळ पार्ट विकू नका. जुनं हँडल, सीट, आरसे, साडीगार्ड सगळं पोत्यात भरून माळ्यावर टाका. एका दुपारी पाने घेऊन बसलं की बाईक पुन्हा होती तशी करता आली, तर समजायचं की काम हद्दीत झालंय. आरटीओत जायच्या आदल्या दिवशी त्या पोत्याची किंमत कळते.